‘लॅब : आहे’ या नोंदीवर किती विसंबायचं?

आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेवरचा कॅगचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला आणि त्यातली एकच गोष्ट सगळ्यांच्या तोंडी झाली. ९९९९९९९९९९ या एकाच मोबाईल क्रमांकावर ७,४९,८२० लाभार्थ्यांची नोंद! बातम्या झाल्या, विनोद झाले, आरोग्य मंत्रालयाचा खुलासा आला आणि अहवाल कपाटात गेला. तुमच्यापैकी जे आरोग्यसेवा, सार्वजनिक धोरण किंवा ग्रामीण अर्थकारण यांत सिनॉप्सिस लिहिताहेत, त्यांना माझी विनंती आहे की तो कपाटातून काढा. मोबाईल क्रमांकाचं पान नंतर बघू. आधी रुग्णालयं योजनेत कशी घेतली जातात, म्हणजे सरकारी भाषेत ‘अंगीकृत’ कशी होतात, ते प्रकरण वाचा.

वाचताना तो घोटाळ्यांची यादी म्हणून वाचू नका. पद्धतीचा नमुना म्हणून वाचा. सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ हा कालखंड, १६१ जिल्हे, ९६४ रुग्णालयं. आपण पीएचडीवाले तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि साठ मुलाखतींवर प्रबंध उभा करतो. त्या मानानं हा नमुना केवढा मोठा! शिवाय कागद मागायचा अधिकार त्यांच्याकडे आहे, आपल्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज आणि वाट बघणं. अहवालाचा निष्कर्षही बोटचेपा नाही. अंगीकृत रुग्णालयांपैकी काहींकडे किमान पायाभूत सुविधा आणि सहाय्यक सेवा नव्हत्या, अग्निसुरक्षा, जैववैद्यकीय कचरा, नोंदणी यांची प्रमाणपत्रं नव्हती किंवा मुदत संपलेली होती, असं त्यात स्पष्ट आहे. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार पुढे आहे, आणि ती नीट समजली तर तुमच्या पद्धतीशास्त्राच्या प्रकरणाला उपयोगी पडेल.

अंगीकरण कसं होतं ते थोडक्यात. रुग्णालय ऑनलाईन अर्ज भरतं : खाटा किती, डॉक्टर कोण, शस्त्रक्रियागृह आहे का, लॅब आहे का. मग जिल्हा पातळीवरच्या समितीनं प्रत्यक्ष जागेवर जाऊन खातरजमा करायची, अहवाल राज्याच्या समितीकडे पाठवायचा, आणि राज्यानं हो किंवा नाही म्हणायचं. निदान-चाचण्यांची केंद्रं या योजनेत स्वतंत्रपणे येत नाहीत. ती येतात रुग्णालयाच्या पोटात. केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी एक लांबलचक कलम आहे. त्याचा आशय असा : औषधालय, रक्तपेढी, प्रयोगशाळा, डायलिसिस, एक्स-रे अशा सहाय्यक सेवा चोवीस तास किंवा बोलावल्यावर मिळाल्या पाहिजेत; त्या स्वतःच्या आवारात असोत की बाहेरच्याशी करार करून असोत; करार योग्य असावा, ठिकाण जवळपासचं असावं, आणि बाहेरची लॅब शक्यतो एनएबीएल मान्यता असलेली असावी.

आता या कलमातले शब्द एकेक हातात घेऊन बघा. ‘योग्य’, ‘जवळपास’, ‘शक्यतो’. तपासणी करायला गेलेला अधिकारी यातलं काय मोजणार? करार फाईलमध्ये आहे की नाही एवढं त्याला बघता येतं. ‘शक्यतो’ तर तपासताच येत नाही, कारण नसलं तरी नियम मोडत नाही. आणि ‘जवळपास’ हा शब्द कर्जत तालुक्यात घेऊन या. नेरळच्या माणसाला कर्जत जवळ आणि बदलापूरही जवळच, लोकल आहे. पोशीरच्या माणसाला नेरळ जवळ, रिक्षा मिळाली तर. आणि कळंबच्या पलीकडच्या एखाद्या ठाकूरवाडीतल्या बाईला पावसाळ्यात काहीच जवळ नाही. नकाशावर ही सगळी ठिकाणं एका वर्तुळात बसतात. तुम्ही जीआयएस वापरून ‘सेवेची उपलब्धता’ काढणार असाल तर हे वर्तुळ तुम्हाला फसवणार हे आत्ताच लिहून ठेवा.

कॅगच्या अहवालावरचा माझा मुख्य आक्षेप असा की हे कार्यक्षमता-लेखापरीक्षण आहे आणि त्याचं माप म्हणजे तीच मार्गदर्शक तत्त्वं. नियम सांगतो ‘लॅब असावी’, अधिकारी बघतो ‘लॅब आहे का’, लेखापरीक्षक बघतो ‘अधिकाऱ्यानं बघितलं का’. तिन्ही पायऱ्यांवर प्रश्न एकच आहे, फक्त एकेक मजला वर सरकलेला. जो प्रश्न तळमजल्यावर विचारलाच नाही, तो तिसऱ्या मजल्यावरून दिसणार कुठून? त्या लॅबचा आकडा बरोबर येतो का, हा तो प्रश्न. लेखापरीक्षकानं आपलं काम चोख केलं तरी तो सुटतो. म्हणून ‘अहवाल कमी पडला’ असं मी म्हणत नाही. त्यानं ज्या फूटपट्टीनं मोजलं, त्या फूटपट्टीवर ती खूणच नव्हती, एवढंच म्हणतो. तुम्ही जेव्हा दुय्यम स्रोत म्हणून हा अहवाल वापराल, तेव्हा हा फरक वाक्यात यायला हवा.

हा निव्वळ शब्दांचा कीस वाटत असेल तर रक्तातल्या साखरेचं उदाहरण घ्या.

रक्त काढून साध्या ट्यूबमध्ये ठेवलं की पेशी आतली साखर खात राहतात. साधारण तापमानाला दर तासाला ५ ते ७ टक्के साखर कमी होते, हे पाठ्यपुस्तकातलं ज्ञान आहे. म्हणूनच साखरेसाठी करड्या टोपणाची, फ्लोराईड घातलेली ट्यूब असते (आणि तिचाही परिणाम लगेच सुरू होत नाही, थोडा वेळ लागतो). आता पोशीरमधल्या कुणाची उपाशीपोटी साखर खरोखर १४० आहे असं धरा. रक्त साध्या ट्यूबमध्ये घेतलं, ट्यूब तीन तास पिशवीत फिरली आणि मग यंत्रात गेली. यंत्र कितीही भारी असो, आकडा येईल ११२ ते १२० च्या दरम्यान. उपाशीपोटी १२६ च्या वर मधुमेह धरतात. म्हणजे या माणसाच्या हातात कागद येतो ‘सीमेवर आहे, गोड कमी करा’. तो घरी जातो. पाच वर्षांनी पायाची जखम भरत नाही म्हणून किंवा मूत्रपिंड थकलं म्हणून तो अंगीकृत रुग्णालयात पोचतो, आणि मग योजना त्याच्यासाठी पैसे मोजते.

या गोष्टीत तपासणीला काय सापडलं असतं? खोली आहे, यंत्र आहे, करार आहे, फलक आहे. चूक झाली ती पिशवीत. पिशवीची तपासणी कुणाच्या तक्त्यात नाही.

आपल्या पट्ट्यात ही पिशवी फार महत्त्वाची आहे. नेरळ, कर्जत, खोपोलीसारख्या ठिकाणी ज्याला आपण ‘लॅब’ म्हणतो ते बऱ्याचदा नमुना घेण्याचं केंद्र असतं. रक्त इथे काढतात, काही साध्या चाचण्या इथेच होतात, उरलेला नमुना मोठ्या शहरातल्या मुख्य लॅबकडे जातो, आणि रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. यात लबाडी काही नाही. महागडी यंत्रं प्रत्येक नाक्यावर ठेवणं कुणालाच परवडत नाही. सरकारी केंद्रांतले नमुनेसुद्धा ‘महालॅब’च्या व्यवस्थेत गोळा होऊन दुसरीकडेच तपासले जातात. प्रश्न एवढाच की ‘लॅब’ ही आता एक जागा राहिली नाही, तो एक प्रवास झाला आहे. आणि तपासणी अजून जागेचीच होते.

तुम्ही म्हणाल, इतक्या तपासण्या होतात, कुणीतरी बघत असेलच की! मोजून बघा. एक्स-रे यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी लागते. त्यांची चिंता किरणोत्साराची. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आणि तपासणी १९९४ च्या गर्भलिंगनिदान-विरोधी कायद्याखाली होते. तिथे बघतात ते फॉर्म-एफ आणि यंत्राचा क्रमांक, गर्भलिंग सांगितलं जाऊ नये म्हणून. प्रदूषण नियंत्रण मंडळ कचरा बघतं. विमा योजना अस्तित्व बघते. प्रत्येकाचा प्रश्न आपापल्या जागी योग्य आहे. पण हे सगळे येऊन गेल्यावरही ‘इथला हिमोग्लोबिनचा आकडा खरा असतो का’ हे विचारणारा कुणी आलेलाच नसतो. ते विचारते एनएबीएलची मान्यता, आणि ती ऐच्छिक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजसारख्या संस्था बाहेरून गुणवत्ता तपासण्याचा कार्यक्रम चालवतात : सगळ्या सहभागी लॅबना एकच नमुना पाठवायचा आणि कुणाचा आकडा किती हलतो ते बघायचं. तोही ऐच्छिक. ज्यांना स्वतःच्या आकड्याची काळजी आहे त्याच लॅब त्यात जातात.

महाराष्ट्रात याच्या मुळाशी कायद्याचीही एक फट आहे. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा आपल्या राज्यानं स्वीकारलेला नाही. आपल्याकडे आहे तो १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा. २०२१ मध्ये त्याचे नियम सुधारले, रुग्णहक्कांची सनद आली, पण तो मुळात खाटा असलेल्या जागांसाठी. खाट नसलेली, रस्त्यावरची स्वतंत्र पॅथॉलॉजी लॅब त्यात बसत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. चांगलं आहे. पण ज्या जागेची नोंदच नाही तिथे कोणाची सही आहे हे बघायला जायचं कुणी, आणि कोणत्या यादीवरून?

आता रुग्णाच्या बाजूनं बघू, कारण खर्च तिथे पडतो. रायगड हा या योजनेतला जुना जिल्हा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. पुढे ती राज्यभर गेली, २०१७ मध्ये महात्मा जोतिबा फुले जन आरोग्य योजना झाली, २०२० मध्ये केंद्राच्या योजनेशी जोडली गेली, आणि दीड लाखाचं संरक्षण पाच लाखांवर गेलं. नावं बदलली, रक्कम वाढली, पण दार तेच राहिलं : योजना सुरू होते दाखल होण्यापाशी. दाखल व्हायला पूर्वपरवानगी लागते, पूर्वपरवानगीला तपासण्यांचे कागद लागतात. आणि ते कागद मिळवायचे कुठून? केंद्राच्या योजनेत दाखल होण्याआधीच्या ३ दिवसांचा खर्च धरतात खरा. पण छातीत दुखतंय इथपासून ‘अँजिओग्राफी करा’ इथपर्यंतचा पोशीरचा रस्ता ३ दिवसांत क्वचितच संपतो. आधी गावातला डॉक्टर, मग नेरळ, मग कर्जत, मग कुणीतरी म्हणतं पनवेलला जा. प्रत्येक टप्प्यावर नवा ईसीजी, नवं रक्त, कारण आधीच्या लॅबच्या कागदावर पुढच्याचा विश्वास नाही. सरकारी रुग्णालयात तपासण्या मोफत आहेत, ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सगळंच मोफत झालं. तरी सकाळच्या रांगेसाठी मजुरी बुडते, आणि ‘मशीन बंद आहे’ हे वाक्य ऐकलं की माणूस बाहेरच्या लॅबकडे वळतो. माझ्या नात्यातल्या एका काकांच्या पिशवीत एकाच महिन्यातले चार वेगवेगळ्या ठिकाणचे रक्ताचे रिपोर्ट होते; क्रिएटिनिनचे चार आकडे चार प्रकारचे. कुठला खरा, हे सांगणारं कुणी नव्हतं. पैसे मात्र चारही वेळा खरे गेले.

हा पुन्हा-पुन्हा तपासणीचा खर्च माझ्या मते अविश्वासाची किंमत आहे, आणि ती गरिबाच्या खिशातून जाते. लॅबच्या आकड्याची हमी कुणी घेत नाही, म्हणून प्रत्येक रुग्णालय नव्यानं रक्त काढतं. योजनेच्या हिशेबात ती दिसत नाही, कारण ती योजनेच्या दाराबाहेर झाली.

इथे एक गंमत सांगतो. सेमिनारमध्ये तपासणीचा विषय निघाला की कुणीतरी मायकेल पॉवरचं ‘द ऑडिट सोसायटी’ (१९९७) काढतंच. तपासणी हा खातरजमेचा विधी असतो, संस्था मग काम सुधारण्यापेक्षा तपासणीला दिसेल असं काम करू लागतात, असा त्याचा सूर. वाचाच ते पुस्तक. पण आपल्याकडे त्याचा उपयोग ‘सगळी तपासणी म्हणजे नाटक’ असं म्हणून मोकळं व्हायला होतो, आणि ते मला पटत नाही.

कारण अमेरिकेचं बघा. तिथल्या मेडिकेअर या सरकारी विम्यात स्वतंत्र निदान-केंद्रांची वेगळी नोंदणी असते. नियम अगदी रोखठोक : पत्ता खराखुरा हवा, टपालपेटी किंवा हॉटेलची खोली चालणार नाही, कामाच्या वेळा लावलेल्या हव्यात, यंत्रांची अनुक्रमांकासह यादी हवी, आणि तपासनीस न कळवता येणार. २०१० च्या सुमारास तिथल्या महानिरीक्षक कार्यालयानं मायामी आणि लॉस एंजेलिस भागांत अशा केंद्रांना भेटी दिल्या, तेव्हा सुमारे एक-तृतीयांश केंद्रं साध्या-साध्या निकषांवर नापास झाली. दिलेल्या पत्त्यावर केंद्रच नाही, किंवा कामाच्या वेळेत कुलूप. म्हणजे ‘आहे का?’ हा प्रश्न फालतू नाही. जिथे नसलेल्या केंद्राच्या नावानं बिलं निघतात, तिथे न सांगता जाऊन दार वाजवणं ही सर्वांत स्वस्त आणि चांगली पद्धत आहे. आपल्याकडे अर्ज केला की समिती येणार हे रुग्णालयाला आधीच ठाऊक असतं. न कळवता येण्याचं महत्त्व इथे कळतं.

पण त्याच अमेरिकेत लॅबच्या आकड्यांसाठी १९८८ चा वेगळा कायदा आहे आणि त्यात बाहेरचा नमुना पाठवून परीक्षा घेणं ठरावीक चाचण्यांसाठी सक्तीचं आहे. दोन प्रश्न, दोन यंत्रणा. आपण दुसरा प्रश्न ‘शक्यतो’ या शब्दात गुंडाळला.

आता त्या मोबाईल क्रमांकाकडे येऊ. मंत्रालयाचं म्हणणं होतं की लाभार्थी ठरवण्यात मोबाईल क्रमांकाचा काही वाटा नाही, तो फक्त संपर्कासाठी आहे. हे म्हणणं खरं मानलं तरी त्यातून आपल्याला हवी ती गोष्ट मिळते. ज्या रकान्यावर कुणाचा निर्णय अवलंबून नाही, तो रकाना भरणारा माणूस काहीही भरतो. दहा वेळा नऊ दाबणं सोपं. आता अर्जातला ‘प्रयोगशाळा : स्वतःची / बाहेरची / उपलब्ध’ हा रकाना बघा. यावर निर्णय अवलंबून आहे, म्हणून तिथे नऊ-नऊ येणार नाही; तिथे ‘आहे’ येणार. निर्णयाला लागेल तेवढंच खरं. त्यापुढचं, म्हणजे कुठली चाचणी, किती वेळात, कुणाच्या सहीनं, याला काही अडत नसल्यानं तिथे माहितीही नाही. हा डेटा उतरवून घेऊन ‘अमुक तालुक्यात निदानसेवा उपलब्ध आहेत’ असं कोष्टक करणारे प्रबंध तुमच्या हाती येतील. त्या कोष्टकाचं खरं शीर्षक ‘अमुक तालुक्यात तपासणीच्या दिवशी लॅब असल्याची नोंद झाली’ असं हवं. गाईडला ते लांब वाटेल. वाटू दे.

मग अभ्यास करायचा कसा? खर्चिक काही सुचवत नाही. रिपोर्टच्या कागदावर बहुतेक वेळा तीन वेळा छापलेल्या असतात : नमुना घेतला कधी, लॅबला मिळाला कधी, रिपोर्ट निघाला कधी. या तीन वेळा पोशीर, कळंब, नेरळ, कर्जत अशा चार ठिकाणच्या शंभर-शंभर कागदांवरून उतरवून घेतल्या, तरी आजवर या पट्ट्याबद्दल कुठल्या सरकारी यादीत नाही ती माहिती तुमच्याकडे येईल. पहिली वेळ सगळ्या कागदांवर बरोबर आठ वाजताची निघाली, तर ती कुणीतरी नंतर टाकलेली आहे हे कळेल, आणि तेही निरीक्षणच. सोबत दोन प्रश्न : याच महिन्यात हीच चाचणी आधी कुठे केली होती का, आणि पैसे किती गेले. बर्फाचा डबा नेणाऱ्या पोराशी बोला. त्याला समितीपेक्षा जास्त माहीत असतं. मे महिन्यातही जा आणि जुलैतही, कारण उन्हात आणि बंद रस्त्यात वेळा सारख्या येणार नाहीत. लॅबचं नाव लिहू नका, सांकेतिक अक्षर द्या. एका गावात एकच लॅब असेल तर गावाचं नावही झाकावं लागेल. आणि रुग्णांचे आकडे न घेता फक्त वेळा घेणार असाल, तरी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी काढा. तो अर्ज दोन पानांत होतो. समितीची बैठक मात्र दोन-दोन महिने लागत नाही, तेव्हा जूनचं काम असेल तर फेब्रुवारीतच टाका.